दादाचा लाल काढा

दादा, तुझी रास अल खैमाची खोली या शुक्रवारी रिकामी करून दिली. टाइल्सच्या कारखान्यातल्या माणसाने चावी घेतली, सही घेतली आणि "सॉरी मॅडम" म्हणून तो गेला. सामानाचे मी चार ढीग केले होते. वहिनीकडे चिपळूणला पाठवायचं, तुझ्या शेजारच्या खोलीतल्या कामगार मुलांना वाटायचं, कंपनीला परत द्यायचं आणि टाकायचं. तू असतास तर दारात हाताची घडी घालून विचारलं असतंस, "मॅनेजरबाई, मी कुठल्या ढिगात?" मी आवराआवर काढली की तू हाच विनोद करणार आणि मी न हसता म्हणणार, "बाजूला हो, उजेड अडवतोयस."

कपाटाच्या तळाशी बिस्किटांच्या डब्यात तुझी ती मुळं सापडली. वाळलेली, तिरकी कापलेली, बाहेरून विटकरी, आतून मळकट. डबा उघडताच ओल्या पोत्यासारखा तो वास आला. चौथ्या ढिगात टाकण्याआधी मी पलंगावर बसले. रडले नाही. मला राग आला होता आणि तो अजून उतरलेला नाही. हे त्याच रागात लिहिते आहे.

तुझ्या तेराव्याला सगळे गोड बोलले. देवमाणूस होता, कुणाला कधी दुखावलं नाही. खरं आहे. कुणाला दुखवायचं नाही म्हणून तू ज्याला त्याला सोसेल तेवढंच सांगायचास. डॉक्टरला एक, लियूला दुसरं, मला तिसरं. तू गेल्यावर हे तुकडे मी एकेकाकडून गोळा केले आणि शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा मला कळलं तू कसा गेलास ते. जिवंतपणी हे तुकडे फक्त तुझ्याजवळ होते. तू ते एकत्र मांडून पाहिले नाहीस.

लियूपासून सुरुवात करते. भट्टीची मशिनरी बसवायला चीनहून आलेला, मग देखभालीला राहिलेला तुझा दोस्त. तुझं हिंदी त्याला समजेना, त्याचं इंग्रजी तुला कळेना, तरी दुपारचा डबा तुम्ही एकत्र खायचात. तुझं ब्लड प्रेशर वाढलंय, जिना चढताना छाती दाटून येते, हे त्याला तू कुठल्या भाषेत सांगितलंस देव जाणे. पण त्याला कळलं आणि त्याने तुला ते मूळ आणून दिलं. डानशेन. त्याच्या गावाकडे हृदयाच्या दुखण्यावर आजे-पणजे घेत आलेलं.

मग तू शुक्रवारच्या शेअर टॅक्सीने शारजात अल नहदाला आमच्याकडे येताना एका हातात सुरमई आणि दुसऱ्या हातात मुळांची पुडी घेऊन यायला लागलास. आधी माझ्या गॅसवर काढा चढायचा, मग मासे. आमची सई नाक धरून म्हणायची, "मामा, इट स्मेल्स लाइक मड."

"मड नाय गो, काढा."

"इज इट मेडिसिन?"

"छे छे. औषध कसलं. काढा म्हणजे काढा."

तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. आपल्या घरात आल्याचा, गवती चहाचा, अडुळशाचा काढा कधी औषधात मोजलाय कुणी? औषध म्हणजे डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून दिलेलं, पाकिटातून निघणारं. काढा म्हणजे आई करायची ते.

प्यायल्यावर तू सोफ्यावर बसून मला शिकवायचास. मूठ घट्ट वळायचास. "ही आपली शीर. घट्ट. रक्ताला जागाच नाही." मग एकेक बोट सोडवत मूठ उघडायचास. "काढा पोटात गेला की अशी सैल होते."

"कशाने?"

"लियू म्हणतो, ब्लड अडलेलं असतं. हे मूळ त्याला चालायला लावतं."

"लियू मेकॅनिक आहे की वैद्य?"

"आणि तू कोण आहेस? जबल अली बंदरात कंटेनरचे कागद तपासतेस म्हणून काढ्याचेपण तपासणार?"

"दादा, नुसतं गरम पाणी प्यायलास तरी सैल वाटेल. आज भट्टी नाही, फोरमन नाही, पोटभर सुरमई खाल्लीस, एसीत झोपलास. अशा दिवशी दगडाच्यासुद्धा शिरा सैल होतील."

तुझा मेहुणा मिलिंद पेपरामागून म्हणायचा, "तुम्हा दोघांमुळे माझं प्रेशर वाढतंय. मलाही द्या कपभर."

वाद कधीच मिटला नाही. तुला तो मिटवायचा होता. मी एकदा, फक्त एकदा, "हो रे, गुण आहे याला" म्हणावं म्हणून तू काय काय केलंस. लियूला घेऊन आलास. जेवण झाल्यावर प्रेशरचं मशीन माझ्यासमोर धरलंस. मी म्हटलं, एका आकड्याने काही सिद्ध होत नाही. तू म्हणालास, "तुला भाऊ बरा झाला तरी पुरावा लागतो."

हे लिहिताना तू मला गाडी शिकवलीस ते आठवतंय, आणि ते आठवायला नको होतं. लग्न करून शारजात आले तेव्हा मला रस्ता ओलांडायची भीती वाटायची. लायसन्सच्या टेस्टला मी नापास होत राहिले. मिलिंदने नाद सोडला, पण तू नाही. आठवडाभर भट्टीवर उभं राहून सुट्टीच्या दिवशी बिल्डिंगमागच्या मोकळ्या वाळूत मला रिव्हर्स शिकवत उन्हात उभा राहायचास. "यल्ला मॅनेजर, मागे घे. भिंत कुठे पळून जात नाही." पास झाले त्या दिवशी तू टॅक्सी न करता माझ्या शेजारी बसून रास अल खैमापर्यंत आलास आणि वाटेत डोळे मिटून झोपलास. माझ्यावर इतका विश्वास कुणी टाकला नव्हता. म्हणून विचारते, तेवढाच विश्वास टाकून मला सगळं का नाही सांगितलंस?

गेल्या वर्षी तुझ्या कंपनीने पन्नाशी उलटलेल्यांची मेडिकल कडक केली. भट्टीवर राहायचं तर प्रेशर हद्दीत हवं, नाहीतर व्हिसा रिन्यू नाही, घरी जा. तुझ्या निखिलच्या इंजिनियरिंगची दोन वर्षं बाकी होती. तुला तेवढीच दोन वर्षं हवी होती, हे मला ठाऊक होतं. वहिनीलाही.

त्याच वर्षी तू सुट्टीवर गेलास. आपल्या सगळ्यांसारखाच तूही परत येताना मालवणी मसाला, कोकम, कुळथाचं पीठ आणि प्रेशरच्या गोळ्यांचा वर्षाचा साठा आणायचास. वर्षातून एकदा चिपळूणचे डॉक्टर पट्टा बांधणार, गोळी ठरवणार, आणि ती गोळी पुढच्या सुट्टीपर्यंत बॅगेत. मधल्या काळात इथे कुणी डॉक्टरकडे जात नाही. गेलं तर कंपनीला कळतं. तुझ्या गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून मीच द्यायचे, कारण तुझ्या हातून दोन दिवस राहिले की तिसऱ्या दिवशी तू तीन घ्यायचास.

एअरपोर्टवर झडती होईल या भीतीने त्या सुट्टीत तू मुळं नेली नव्हतीस. म्हणजे पूर्ण सुट्टी काढ्याशिवाय गेली. डॉक्टरांनी मोजलं तर प्रेशर भलतंच वर. त्यांनी विचारलं, "गोळीखेरीज दुसरं काही औषध चालू असतं का?" वहिनी तुझ्या शेजारी बसली होती. तिने मला सांगितलं, तू सरळ म्हणालास, "नाही."

तू खोटं बोलत नव्हतास. तुझ्या मते ते औषध नव्हतंच.

डॉक्टरांनी गोळी दुप्पट ताकदीची केली. त्याच खेपेला वहिनीचंही प्रेशर निघालं, तिलाही गोळी लागली. आणि तू परत आलास ते दुप्पट गोळी घेऊन. आल्या आल्या काढाही सुरू केलास, कारण मेडिकल जवळ आली होती आणि तुला कुठलाच धोका पत्करायचा नव्हता. तुझ्या हिशेबाने एकाने भागत नाही तर दोन घ्यायचे. सिमेंट कमी पडलं तर आणखी घालतो तसं.

त्यानंतरचा तो शुक्रवार मला विसरता येत नाही. जेवून उठलास आणि दाराची चौकट धरून थांबलास. मी विचारलं, काय झालं? "काही नाही, ऊन लागलं असेल." मी मशीन लावलं. आकडा इतका खाली होता की तू शाळेतल्या पोरासारखा हसलास.

"बघ. बघ तुझ्या गरम पाण्याचा गुण."

"मशीनचे सेल संपलेत," मी म्हटलं.

खाली जाऊन सेल घेऊन आलास, बदललेस, पुन्हा मोजलं. तोच आकडा.

"आता?"

"डॉक्टरांनी गोळी वाढवली ना. तिचा गुण आहे."

"गोळी इतकी वर्षं घेतोय, तेव्हा कुठे गेला होता गुण?"

"तेव्हा ती लहान होती."

मिलिंदने दोघांना सरबत दिलं आणि विषय संपला. श्रेय गोळीचं की काढ्याचं, यावर आपण भांडलो दादा. आकडा इतका खाली का गेला, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

मेडिकलला तू पास झालास. ऑफिसात फोन केलास, "मॅनेजर, खलास. दोन वर्षं पक्की." मी पेढे आणले. त्या आनंदात झडतीची भीती विसरून तू वहिनीसाठी सुट्टीवर निघालेल्या कुणाबरोबर मुळं पाठवलीस, दोन पुड्या. माझा फायदा झाला, तिचाही होऊ दे. हे मला नंतर कळलं.

आणि मग कडक उन्हाळ्यातली ती दुपार. तू भट्टीच्या प्लॅटफॉर्मवर रोलर बघायला उकिडवा बसला होतास. बराच वेळ. कुणीतरी हाक मारली म्हणून झटकन उठलास, हात कठड्याकडे गेला, पण पोचला नाही. लोखंडी जिन्यावरून खाली. पोलिसांच्या कागदावर एक शब्द आहे, 'पडून'. तेवढंच. तेवढं खरंही आहे.

लियू आमच्या घरी आला. संत्र्यांची पिशवी घेऊन दारात उभा. मिलिंदने त्याला आत घेतलं. मी आतल्या खोलीतून ठरवून बाहेर आले होते की याला आज सुनावायचं. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "सिस्टर, आय आस्क हिम. मेनी टाइम. डॉक्टर टॅबलेट यू टेक? ही से, नो, नो, टॅबलेट खलास. ओन्ली रूट." दोन्ही हातांच्या तर्जन्या त्याने एकमेकींवर आपटल्या आणि मान हलवली. दोन्ही एकत्र नाही. "आय टेल हिम. टुगेदर नो गुड."

म्हणजे त्याला माहीत होतं. त्याने तुला विचारलं होतं. आणि तू त्याला सांगितलं होतंस की गोळ्या बंद केल्या. मी डबी भरून देत होते, तू रिकामी करून आणत होतास, आणि त्याला सांगत होतास खलास. का? त्याने मूळ देणं बंद करू नये म्हणून. सुनावायचं सोडून मी त्याला चहा दिला. तो रडत होता, चहा थंड झाला.

मग मी आमच्या क्लिनिकच्या मल्याळी डॉक्टरांकडे गेले, मूळ पिशवीत घालून. मला वाटलं ते हसतील. हसले नाहीत. माझी अपेक्षा होती ते म्हणतील, याच्यात काही नाही, हा निव्वळ योगायोग. त्यांनी कागद घेतला आणि शिरेचं तोंड काढलं, आतून दिसतं तसं. शिरेच्या भिंतीत स्नायूचं कडं असतं. त्यात कॅल्शियम शिरलं की ते आवळतं. तुमच्या भावाची गोळी त्या कॅल्शियमचं दार लावून घेते, म्हणून कडं सैल पडतं. आता हे मूळ. प्रयोगशाळेत जनावरांच्या धमनीच्या चकत्या मिठाच्या पाण्यात टांगतात, त्यांना आवळायला लावतात आणि या मुळाचा अर्क सोडतात. चकत्या सैल पडतात. थोडंफार तेच कॅल्शियमचं दार हेही लावतं. शिवाय शिरेच्या आतल्या अस्तराला चेतवतं. मग ते अस्तर एक वायू सोडतं, आणि तो वायू स्नायूला सांगतो, ढिला हो.

"म्हणजे ते काम करतं?" मी विचारलं.

"थोडंफार करत असावं," ते म्हणाले. "किती, ते माणसागणिक आणि मुळागणिक वेगळं. अडचण तीच आहे. मोजता येत नाही."

बसलेला माणूस उठतो तेव्हा रक्त पायांकडे ओढलं जातं, आणि शिरांनी त्या क्षणी आवळून ते डोक्याकडे राखायचं असतं. गोळीने सैल केलेल्या, मुळाने सैल केलेल्या, वरून भट्टीच्या आणि ऑगस्टच्या उष्णतेने सैल केलेल्या शिरा आवळणार कशा? डॉक्टर म्हणाले, तुमच्या भावाच्या बाबतीत हेच झालं असं मी शपथेवर सांगणार नाही. पण झालं असेल तर मला नवल वाटणार नाही.

गाडीत येऊन मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले. तुझी मूठ, ती एकेक बोट सोडवून उघडायची. तुझं चित्र डॉक्टरांच्या चित्रापेक्षा फार वेगळं नव्हतं. तुझ्या मते काढा चांगला, म्हणून त्याने वाईट होणार नाही. माझ्या मते काढा म्हणजे गरम पाणी, म्हणून त्याने काहीच होणार नाही. आपल्या वादाची दोन्ही टोकं एकाच ठिकाणी पोचत होती: घे काढा, बिघडतं काय. आणि आपण समजत होतो की आपण भांडतोय.

तुला हे ऐकवायचं होतं. तू नाहीस. पण वहिनी आहे, आणि तिच्याजवळ त्या पुड्या आहेत.

काल तिला फोन केला. आधी इकडचं तिकडचं, तुझ्या कपड्यांचं खोकं कधी पोचेल वगैरे. मग विचारलं, दादाने पाठवलेलं ते मूळ घेतेस का?

"घेते ना. रोज सकाळी. ह्यांनी सांगितलं होतं तसंच उकळून."

"आणि गोळी?"

"तीही घेते. डॉक्टरांची गोळी कशी सोडेन?"

"चक्कर येते का?"

"येते जरा. पण जेवण कुठे जातंय सध्या, सुमनताई."

मी म्हटलं, वहिनी, ते मूळ आजपासून बंद कर. फालतू आहे ते, फेकून दे.

ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही पहिल्यापासून फालतूच म्हणत होतात. मग घेतलं तर बिघडलं काय? ह्यांनी पाठवलेलं शेवटचं आहे. संपेल तेव्हा संपेल."

दादा, माझं इतक्या वर्षांचं म्हणणं तिने माझ्यापुढे जसंच्या तसं ठेवलं. एकच वाट उरली होती.

"वहिनी, मी चुकीचं म्हणत होते. ते फालतू नाही. त्याने शिरा खरोखरच सैल होतात. डॉक्टरांनी मला चित्र काढून सांगितलं. दादा बरोबर होता."

लाईन तुटली असं वाटलं.

"हॅलो? वहिनी?"

"ऐकतेय."

"ते काम करतं, म्हणूनच घेऊ नकोस. गोळीही तेच काम करते. दोन्ही मिळून फार होतं. बसून उठलीस की डोक्यात रक्त पोचत नाही." मग म्हटलं, "दादाचं बहुतेक तेच झालं."

मग तिने विचारलं, "हे तुम्ही त्यांना म्हणाला होतात का कधी? बरोबर आहे म्हणून?"

"नाही."

"नेहमी म्हणायचे. सुमी कबूल करेल तेव्हाच जिंकलो मानेन." आणि मग घाईघाईने, "काम करतं म्हणता, तर गोळीच सोडते ना मी. काढा घेते."

"नाही. गोळी ठेव. गोळी मोजलेली आहे. काढा मोजलेला नाही."

हे वाक्य मी तिला तीनदा सांगितलं. मग तिने रिसीव्हर फडताळावर ठेवला, आणि मला तिची पावलं ऐकू आली, स्वयंपाकघराकडे जाणारी. मागच्या दाराची कडी निघाली. परत आली तेव्हा तिला दम लागला होता.

"टाकलं," ती म्हणाली. "दोन्ही पुड्या. माडाच्या आळ्यात."

"आणि आजचा काढा?"

"तो सकाळीच घेतला होता."

"मग आज एकदम उठू नकोस. खाटेवर आधी बस, जमिनीला पाय टेक, जरा थांब, मग उभी राहा. आठवडाभर असंच. आणि उद्या डॉक्टरांकडे जाऊन मोज. त्यांनी विचारो न विचारो, काढ्याचं सांग."

"काय सांगू? औषध घेत होते म्हणून?"

"हो," मी म्हटलं. "औषध म्हणूनच सांग."